हूक लावण्याआधी

‘टोचन’ हा शब्द ट्रकवाल्यांच्या मराठीत आणि हिंदीत सारखाच चालतो. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीमागे दोराने नाहीतर लोखंडी दांड्याने बांधायची, मागच्याने स्टिअरिंग सांभाळायचे आणि पुढच्याच्या लाल दिव्यांवरून नजर हलू द्यायची नाही. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात हे निभावून गेले. आजच्या गाडीला ते सोसत नाही. इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारी जादा ताकद जाते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप बहुधा इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके मात्र फिरताहेत, अशा अवस्थेत थोडे अंतर ओढले तरी तो गिअरबॉक्स आतून घासून निघतो. विजेवरच्या गाडीत चाकांबरोबर मोटर फिरते आणि फिरता फिरता वीज तयार करू लागते. म्हणून अशी गाडी उचलून सपाट पाठीच्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर, चारही चाकांनिशी घ्यावी लागते. एका माणसाने एक ट्रक घेऊन सुरू करायचा रिकव्हरीचा धंदा आज उभा आहे तो मुख्यतः या कारणावर.

धंद्याचे मूळ मात्र जुने आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या चॅटनूगा गावी अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याला ओढ्यात पडलेली एक मोटार काढायला माणसे, दोर आणि कप्प्या घेऊन तासन्‌तास झटावे लागले. ते झाल्यावर त्याने एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. टो ट्रकचा जन्म तो. आपल्याकडे मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली आणि मोटारमालकांना अडीअडचणीला एक आधार मिळाला. पण ज्याच्याकडे सभासदत्व नाही, ज्याचा रस्ताही अनोळखी आहे आणि घड्याळात रात्रीचे अडीच वाजले आहेत, त्याच्यासाठी उभा राहतो तो एकटा रिकव्हरीवाला. तो कसा उभा राहतो हे पाहायला मी गाझियाबाद निवडले, कारण या धंद्याला लागणारे सगळे काही तिथे एकाच जिल्ह्यात दाटले आहे.

नकाशा पाहिला की हे लक्षात येते. दिल्लीच्या पूर्व सीमेला चिकटलेले हे शहर ग्रँड ट्रंक रोडवर वसलेले आहे. दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्ग १ एप्रिल २०२१ पासून पूर्ण लांबीने खुला झाला. त्याचा निजामुद्दीन ते डासना हा भाग चौदा मार्गिकांचा आहे. मधल्या सहा मार्गिका द्रुतगती मार्गाच्या आणि दोन्ही अंगांच्या आठ राष्ट्रीय महामार्ग ९ च्या. डासन्याजवळच तो ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवेला भेटतो. १३५ किलोमीटरचा हा मार्ग दिल्लीत न शिरता कुंडलीहून पलवलला जाणाऱ्या मालट्रकांसाठी बांधला आणि २०१८ च्या मे महिन्यात सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये राजनगर एक्स्टेन्शन ते यूपी गेट हा १०.३ किलोमीटरचा उन्नत रस्ता खुला झाला. साहिबाबादची औद्योगिक वसाहत, इंदिरापुरम-वैशालीचे उंच मनोरे, लोणीची गर्दी आणि मोदीनगर-मुरादनगरकडून येणारी वाहने या सगळ्यांचा भार याच रस्त्यांवर येतो.

नवख्याला वाटते की रस्ते जास्त म्हणजे गिऱ्हाईक जास्त. ते खरे आहे, पण अर्धेच. मधल्या सहा मार्गिकांत गाडी बंद पडली तर बाजूच्या महामार्गावरून ती डोळ्यांना दिसते, हाक मारली तर ऐकूही जाईल, पण मध्ये कठडा आहे. तिच्यापर्यंत पोचायला मागे जाऊन योग्य प्रवेशद्वारातून आत यावे लागते आणि गाडी पाठीवर घेतल्यावर पुढचे बाहेर पडण्याचे द्वार येईपर्यंत जावे लागते. ज्याला ही द्वारे पाठ नाहीत त्याचे डिझेल या वळशांतच जळते. त्यामुळे गाझियाबादेत हा धंदा करणाऱ्याची पहिली गुंतवणूक म्हणजे महिना-दोन महिने दुसऱ्याच्या ट्रकवर मदतनीस म्हणून काढलेल्या रात्री. ट्रक त्यानंतर घ्यावा. यात घाई केलेल्यांचे ट्रक वर्षभरात विकायला निघतात.

मी अशा एका ट्रकच्या केबिनमध्ये गेल्या हिवाळ्यात चार रात्री बसलो. चालक तिशीतला, पूर्वी एका गॅरेजात हाताखाली काम केलेला. त्याचा ठिय्या लाल कुआँजवळच्या एका ढाब्यामागे होता. तिसऱ्या रात्री फोन आला. डासन्याच्या अलीकडे एक ऑटोमॅटिक हॅचबॅक, नवरा-बायको आणि मागे झोपलेले मूल. त्याने फोनवर सर्वांत आधी विचारले की माणसे गाडीच्या आत आहेत की बाहेर. आत आहेत म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम बदलला. “भाईसाहब, बच्चे को लेकर रेलिंग के उस पार खड़े हो जाइए, गाड़ी में मत बैठिए.” मग गाडीचे नाव, ऑटोमॅटिक की हाताच्या गिअरची, पेट्रोल की सीएनजी, चाके फिरतात का, न्यायचे कुठे. आणि शेवटी दर, टोलसकट, एका आकड्यात. समोरच्याने हो म्हटल्यावरच त्याने ट्रकला चावी लावली.

पोचल्यावर जे झाले ते सावकाश सांगण्यासारखे आहे. ट्रक बंद गाडीच्या पुढे तिरका लावला आणि पिवळे फिरते दिवे चालू केले. मदतनीस परावर्तक जाकीट घालून मागे चालत गेला आणि त्रिकोण ठेवून आला, पूर्ण वेळ येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. चालकाने मोबाइल काढून गाडीचे चारही बाजूंनी फोटो घेतले, पुढच्या बंपरवर आधीच असलेला ओरखडा जवळून टिपला आणि तो फोटो मालकाला दाखवला. मग सीएनजीचा वास येतो का ते पाहिले. दिल्लीच्या परिसरात सीएनजीवरच्या गाड्या फार, आणि धडक झालेली असेल तर वास घेतल्याशिवाय बॉनेटला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. गाडीच्या हत्यारांच्या पिशवीतून ओढण्याचा हूक काढून बंपरवरची चौकोनी झाकणी उघडली आणि आट्यांमध्ये तो घट्ट फिरवला. काही गाड्यांत या आट्या उलट्या असतात. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून आट्या मारतो आणि भुर्दंड भरतो.

ट्रकची पाठ मागे सरकून जमिनीला टेकली. हॅचबॅकचे नाक खाली होते म्हणून मदतनीसाने चढाच्या सुरुवातीला दोन फळ्या टाकल्या. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंगचे कुलूप उघडलेले. विंचचा, म्हणजे गाडी ओढून घेणाऱ्या यंत्राच्या ड्रमवरचा, वायर रोप हुकाला लागला, त्यावर मधोमध एक जाड गोणपाट आले आणि चालकाने मालकाला हात धरून दहा पावले बाजूला नेले. ताणलेला वायर रोप तुटला तर चाबकासारखा उलटतो. गोणपाटाचे वजन त्याला खाली दाबते. गाडी वर येईपर्यंत कोणी बोलले नाही. वर आल्यावर चारही चाकांना पट्टे लागले. पट्टे चाकांना बांधले, गाडीच्या अंगाला नाही. अंगाला बांधले तर गाडी स्प्रिंगांवर हलते आणि पट्टा सैल होतो. सगळे मिळून अठरा मिनिटे लागली. मुलाला आईने उचलून केबिनमध्ये आणले तेव्हाही ते झोपलेलेच होते.

विंचविषयी थोडे हिशेबाचे सांगायला हवे, कारण नवखा माणूस इथे चुकतो. दीड टनाची गाडी बारा अंशांच्या उतरत्या पाठीवर चढवायला तीनशे-चारशे किलोची ओढ पुरते. तीच गाडी चाकांपर्यंत चिखलात रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी, म्हणजे दीड टनाची ओढ लागते. शिवाय विंचवर लिहिलेली ताकद ही रोप ड्रमवर पहिल्याच थराला असतानाची असते. जसजसे थर वाढतात तसतशी ओढ घटते. म्हणून अनुभवी माणूस जड कामाला रोप जवळजवळ पूर्ण सोडतो आणि कप्पी लावून दुहेरी ओढ घेतो. वेग निम्मा होतो, ताकद जवळपास दुप्पट. मोठी क्रेन विकत घेण्याआधी एक चांगली कप्पी आणि चार भक्कम शॅकल घ्यावेत असे मी कोणालाही सांगेन.

आता पैशाचे. बाजारातले दर गावागणिक आणि रात्रीगणिक बदलतात, म्हणून आपण केवळ समजण्यासाठी आकडे धरू. समजा ट्रकचा हप्ता ३२,००० रुपये, मदतनीसाचा पगार १५,०००, विमा-कर-फिटनेस मिळून महिन्याला ८,०००, टायर आणि दुरुस्तीला बाजूला काढलेले १०,०००, उभे राहण्याच्या जागेचे ५,००० आणि फोन-किरकोळ २,०००. झाले ७२,०००. एका फेरीतून डिझेल आणि टोल वजा जाता १,२०० रुपये उरतात असे धरले, तर नुसते पाण्यावर राहायला महिन्याला ६० फेऱ्या हव्यात. मालकाच्या घरी ३०,००० न्यायचे असतील तर आणखी २५. म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन, एकही सुट्टी न धरता. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणी कर्जाच्या अर्जावर सही करू नये. यात उघड दिसते की रिकामी फेरी हाच खरा शत्रू आहे. डासन्याहून साहिबाबादला गाडी सोडली आणि रिकामे परतलो तर परतीचे डिझेल त्याच भाड्यातून जाते. म्हणून जुने लोक परतीच्या वाटेवरच्या गॅरेजांशी आणि सेकंड-हँड गाड्यांच्या दुकानांशी ओळख ठेवतात.

कामे येतात तीन वाटांनी. रस्त्यावरचा थेट फोन हा रोखीचा, पण बेभरवशाचा. विमा कंपन्या आणि गाडी कंपन्यांच्या रस्तामदत सेवा कामे नियमित देतात, मात्र दर त्यांचा आणि पैसे बहुधा महिना-दीड महिन्याने. तोवर डिझेल स्वतःच्या खिशातून. तिसरी वाट भंगाराची. २०२१ मध्ये सरकारने वाहन मोडीत काढण्याचे धोरण आणले आणि त्याच वर्षी नोएडात मारुती सुझुकी टोयोत्सूचे केंद्र सुरू झाले. जुन्या, न चालणाऱ्या गाड्या दारातून उचलून अशा नोंदणीकृत केंद्रापर्यंत पोचवण्याचे काम दिवसाढवळ्या होते, घाई नसते आणि दोन गाड्या एका दिशेने जुळवता येतात. पहिल्या वर्षी या तिन्ही वाटांवर एकेक पाय ठेवावा, एकीवर विसंबू नये.

विम्याची एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा रिकव्हरीवाला लोकांच्या लक्षात राहतो. खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीच्या जुन्या ठरीव मसुद्यात अपघातानंतर गाडी हलवण्याच्या खर्चाला १,५०० रुपयांची मर्यादा आहे, दुचाकीला ३०० ची. आणि ती अपघातापुरती. नुसती गाडी बंद पडली तर वेगळी रस्तामदत जोड घेतलेली असल्याशिवाय विमा काही देत नाही. हे आधी सांगितले की गॅरेजच्या दारात पावतीवरून भांडण होत नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका महामार्गावर असे भांडण अनुभवले आहे. फोनवर एक आकडा ठरला आणि गाडी पाठीवर चढल्यावर दुप्पट झाला. गाडी वर असताना माणूस हतबल असतो. त्या रात्रीचा राग माझ्या मनात अजून ताजा आहे, आणि म्हणूनच त्या चालकाचे “पहले रेट, फिर हूक” हे चार शब्द मला या धंद्यातले सर्वांत मोलाचे भांडवल वाटतात.

ट्रक कोणता घ्यावा? टाटा ४०७ किंवा आयशरच्या चेसिसवर फ्लॅटबेड बसवून घेण्याची पद्धत आहे. एक टनाच्या आतबाहेरची स्विफ्ट कोणीही उचलेल, पण दोन टनांहून जड फॉर्च्युनर येणार आहे हे धरूनच क्षमता निवडावी. चालकाच्या परवान्याचा घोळ ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक वाहनही चालवू शकतो. स्वतः ट्रक चालवून सुरुवात करणाऱ्याला याचा मोठा दिलासा आहे.

गाझियाबादेत मात्र महाराष्ट्रातल्या माणसाला न सुचणारी एक अट आहे, ती वयाची. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला आवर घातला, पण त्यावर धंद्याचा पाया रचता येत नाही. त्याहून थेट आडवी येते ती दिल्लीची वेस. बाहेर नोंदलेल्या, बीएस-६ या उत्सर्जन मानकापेक्षा जुन्या व्यावसायिक मालवाहनांना १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीत प्रवेश बंद झाला, बीएस-४ वाल्यांना तेवढी ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत मिळाली. गाझियाबादच्या बऱ्याच गिऱ्हाइकांचे घर नाहीतर गॅरेज दिल्लीत असते. स्वस्तात मिळणारा आठ-नऊ वर्षांचा ट्रक इथे म्हणूनच महाग पडतो. एप्रिल २०२० नंतरचा, बीएस-६ ट्रक घ्यावा, हप्ता थोडा वाढला तरी. दिल्लीत शिरताना मालवाहू व्यावसायिक वाहनांना पालिकेचा टोल आणि पर्यावरण भरपाई शुल्क लागते, तेही दर सांगताना धरावे. हिवाळ्यात हवा बिघडून निर्बंधांचा चौथा टप्पा लागला की बीएस-६ पेक्षा जुन्या डिझेल ट्रकांना वेस बंद होते, तेव्हा दिल्लीचे काम घेण्याआधी त्या दिवशीचा आदेश वाचावा.

कागदपत्रांत उद्यम नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी लागतो, तरी रस्तामदत कंपन्या बऱ्याचदा तो आधीच मागतात. मुद्रा कर्जाची तरुण श्रेणी दहा लाखांपर्यंत जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये बंद पडलेले वाहन ओढून नेणाऱ्या वाहनाला परमिटमधून सूट आहे, आणि हे कलम छापून केबिनमध्ये ठेवलेले बरे. पण सूट आहे ती बंद पडलेल्या वाहनापुरती. कोणाची चालू गाडी बदली झाली म्हणून मेरठहून पुण्याला न्यायची असेल तर ते मालवाहतुकीचे काम झाले, आणि त्याला ही सूट लागू पडत नाही.

एक इशारा मला ठळकपणे द्यायचा आहे. ‘रिकव्हरी’ हा शब्द हप्ते थकलेल्यांच्या गाड्या उचलणाऱ्यांसाठीही वापरला जातो, आणि कधी ना कधी ट्रकवाल्याला तसा फोन येतोच. पैसे चांगले सांगितले जातात. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना गुंडांकरवी गाड्या ओढून नेण्यावरून खडसावले होते आणि वसुली एजंटांवर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. लेखी अधिकारपत्र, गाडीचा क्रमांक आणि पोलिसांना दिलेली सूचना हातात आल्याशिवाय हूक लावू नये. तसेच चावी नसलेल्या, मालक हजर नसलेल्या गाडीचे. आरसी आणि ओळखपत्राचा फोटो मागितल्यावर जो चिडतो त्याचे काम सोडलेलेच बरे. अपघातात कोणी जखमी झाले असेल तर पोलिस सांगेपर्यंत गाडी तसूभरही हलवायची नाही. आधी ११२, महामार्गावर १०३३, मग आपले काम.

धंद्याचे पंचांगही समजून घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत थंडीने बॅटऱ्या मरतात आणि धुक्यात गाड्या एकमेकींवर आदळतात. मे-जूनमध्ये टायर फुटतात, इंजिने तापतात. पावसाळ्यात पुलाखालच्या बोगद्यांत पाणी साचते. अशा पाण्यातून काढलेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह मालकाला होतो आणि तो रोखावाच लागतो, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. श्रावणात हरिद्वारहून गंगाजल घेऊन येणाऱ्या कावडयात्रेसाठी मेरठ-मोदीनगर-गाझियाबादचे रस्ते बंद किंवा वळवलेले असतात. इथे मराठी माणसाने एक ध्यानात ठेवावे की तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. ट्रकची मोठी दुरुस्ती, रंग, फिटनेस यांसाठी माझा चालक तेच दिवस राखून ठेवतो.

त्या रात्री हॅचबॅक वसुंधरातल्या एका गॅरेजच्या बंद शटरसमोर उतरवली. चालकाने पुन्हा चार फोटो घेतले, हूक काढून पिशवीत ठेवला, झाकणी बसवली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. मालकाने ठरलेल्यापेक्षा दोनशे रुपये जास्त पुढे केले. त्याने ते परत केले आणि एवढेच मागितले की आपला नंबर मोबाइलमध्ये ‘क्रेन, डासना’ असा लिहून ठेवावा. केबिनमध्ये परत चढलो तेव्हा पावणेचार वाजले होते, आणि ढाब्यापर्यंत रिकामे जायचे होते. त्याने विजयनगरच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला, सकाळी काही हलवायचे आहे का ते विचारायला.